नौका घेण्याआधी नौका बांधणाऱ्याला पारखा

१ जून ते ३१ जुलै या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मिरकरवाडा, साखरतर, जयगड, हर्णै, साखरी नाटे, कुठेही जा, नौका काठावर ओढलेल्या आणि झापांनी किंवा ताडपत्रीने झाकलेल्या दिसतात. खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात. पण ज्याच्या मनात नवी नौका घ्यायची आहे, त्याच्यासाठी हेच दोन महिने सर्वांत मोलाचे आहेत. बयाणा द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कोणाला, याचा निर्णय याच दिवसांत होतो.

हा निर्णय लहान नाही. कोणी दहा-बारा वर्षे आखातात राबून साठवलेली पुंजी नौकेत घालतो. कोणी घरातल्या बायकांच्या अंगावरचे सोने उतरवतो. कोणी तीन-चार भावांची भागीदारी करतो, तर कोणी सोसायटीमार्फत कर्ज उचलतो. ट्रक घेतला तर त्यामागे कंपनी असते, शोरूम असते, वॉरंटीचे कागद असतात. नौकेमागे असते ती बांधणाऱ्याची नियत आणि त्याचा हात. शिवाय नौकेतले बहुतेक दोष रंगाखाली, फायबरखाली आणि डेकखाली दडलेले असतात. म्हणून आम्ही म्हणतो की, नौका घेण्याआधी ती बांधणाऱ्याला पारखा.

हे आम्ही ठेच लागून शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्यांनी भागीदारीत एक नौका बांधून घेतली. बांधणाऱ्याचे नाव इथे घेण्याचे कारण नाही. नौका देखणी होती. पाण्यात लोटली त्या दिवशी सारा मोहल्ला पाहायला आला होता. दुसऱ्या हंगामात इंजिनाच्या बैठकीजवळ ओल दिसू लागली. कारागीर बोलावून फायबर कापले, तेव्हा आतले लाकूड काळे पडून भिजलेल्या भाकरीसारखे झालेले निघाले. न सुकवलेल्या लाकडावर फायबर चढवले होते. दुरुस्तीत अर्धा हंगाम काठावर गेला, बर्फवाल्याचे आणि डिझेलचे देणे अंगावर बसले, आणि भागीदारांत बोलाचाली बंद झाली. लाकूड झाकण्याआधी आम्हाला एकदा बोलवा, एवढेच सांगायचे आम्ही विसरलो होतो.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी एका धान्याच्या राशीत हात घातला आणि आतले धान्य ओले लागले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. तेव्हा, मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. नौकेच्या व्यवहाराला ही हदीस तंतोतंत लागू पडते. ओले आत आणि कोरडे वर, हाच या धंद्यातला मोठा रोग आहे. त्यावर इलाजही तिथेच सांगितला आहे. राशीत हात घालून पाहावे.

आधी काठावरच्या नौका पाहा

नवी नौका सगळ्यांचीच चांगली दिसते. म्हणून बांधणाऱ्याने दाखवलेली नवी नौका पाहून भुलू नका. त्याने पाच-सात वर्षांपूर्वी बांधलेल्या नौका कुठे आहेत ते विचारा. जो बांधणारा चार नौकांची नावे आणि बंदरे बेधडक सांगतो, त्याच्याशी पुढे बोलावे. जो विषय बदलतो, त्याच्याकडून उठावे.

बंदीच्या काळात त्या नौका काठावर असल्याने त्यांचे तळ उघडे असतात. तळावर फोड आले आहेत का ते पाहा. फोडातून आंबट वासाचे चिकट पाणी निघत असेल तर पाणी फायबरमध्ये शिरले आहे असे समजावे. नाळेजवळ, इंजिनाच्या बैठकीच्या बाजूला आणि डेक व बाजूच्या सांध्यावर बारीक भेगा आहेत का ते पाहा. दर वर्षी एकाच जागी नवा पॅच मारलेला दिसला, तर तो दोष नशिबाचा नाही, बांधणीचा आहे.

नौकेचा नाखवा सहसा आपल्या नौकेला वाईट म्हणत नाही, कारण उद्या ती त्याला विकायचीही असते. म्हणून तांडेलाला विचारा, खलाशाला विचारा आणि इंजिन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला तर अवश्य विचारा. रोज किती वेळ पंप चालवावा लागतो? लाटेवर नौका आदळली की डेक दबतो का? शाफ्ट वारंवार हलतो का? तक्रार नेली तेव्हा बांधणारा आला की त्याने फोन उचलला नाही? या चार उत्तरांत बांधणाऱ्याची सारी कुंडली कळते.

शेडमध्ये काय पाहाल

त्यानंतर बांधणाऱ्याच्या शेडमध्ये न सांगता जा. फायबरचे काम म्हणजे काचेच्या मॅटचे थर आणि त्यांना बांधणारे रेझिन. मॅट जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकून ठेवलेली असेल तर तिथूनच परत फिरा. ओल लागलेल्या मॅटमध्ये रेझिन नीट मुरत नाही. रेझिनच्या पिंपावरची तारीख वाचा. पॉलिएस्टर रेझिन थंड जागेत ठेवले तरी साधारण सहा महिनेच चांगले राहते, आपल्या उन्हात त्याहून कमी. हार्डनर वजन करून किंवा मापाने घालतात की अंदाजाने ओततात, हेही पाहा. तो साधारण एक ते दोन टक्के लागतो. कमी पडला तर रेझिन कच्चे राहते, जास्त झाला तर तापून ठिसूळ होते. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, म्हणून चांगला कारागीर ते दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवतो. ज्याला आपल्या माणसांच्या जिवाची काळजी आहे, त्याला तुमच्या खलाशांच्या जिवाचीही असेल.

रेझिन कोणते, हेही विचारा. साधे ऑर्थो रेझिन स्वस्त असते, आयसो रेझिन पाण्याला अधिक टिकते. निदान बाहेरचे, पाण्याला लागणारे थर आयसो रेझिनचे असावेत आणि तसे करारात लिहून घ्यावे.

हिशेबाची एक सोपी खूण आहे. मॅटच्या कामात एक किलो मॅटला साधारण सव्वादोन ते अडीच किलो रेझिन लागते. बांधणाऱ्याकडे मॅट आणि रेझिनची बिले मागा. मॅट थोडी आणि रेझिन भरमसाट असेल, तर भिंत जाड दिसेल पण तिच्यात जोर नसेल. ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर वाळल्यावर सुमारे एक मिलिमीटर भरतो. त्यावरून सांगितलेली जाडी आणि दिलेले थर जुळतात की नाही, हे कोणालाही ताडता येईल.

घाई कोणाची, नुकसान कोणाचे

या धंद्यातले अर्धे दोष आपण गिऱ्हाइकेच ओढवून घेतो, हेही सांगितले पाहिजे. प्रत्येकाला नौका १ ऑगस्टला पाण्यात हवी असते, पण बयाणा देतो एप्रिल-मेमध्ये. मग साच्यात थर चढवण्याचे काम नेमके जून-जुलैच्या झडीत येते. त्या दिवसांत रत्नागिरीच्या हवेत ओलावा किती असतो हे मीठ ठेवलेल्या बरणीला विचारावे. मॅट ओलावा धरते, रेझिन पक्के होत नाही, थरांमध्ये हवा अडकते. वरून जेलकोटची झिलई मात्र तशीच चमकते.

म्हणून ऑर्डर दिवाळीच्या सुमारास द्यावी. तळ आणि बाजू कोरड्या महिन्यांत, मे संपण्याआधी पुऱ्या व्हाव्यात. पावसाळ्यात केबिनचे फिटिंग, वायरिंग, इंजिनाची जोडणी अशी छपराखालची कामे करावीत. पावसातही थर देतो, काही होत नाही, असे म्हणणाऱ्यापेक्षा, या वर्षी नाही जमणार, पुढच्या हंगामाला देतो, असे म्हणणारा बांधणारा आम्ही शतपटीने चांगला मानतो.

हात लावून, ठोकून, कापून

नौका साच्यातून निघाली की रंग आणि डेक होण्याआधी एकदा पूर्ण पाहावी. लाकडी हातोडीने हलकेच ठोकत तळभर फिरा. पक्क्या जागी टणक आवाज येतो. पोकळ, बद्द आवाज आला तर तिथे खडूने खूण करा आणि उघडून दाखवायला सांगा. उन्हाच्या बाजूला उभे राहिल्यास जेलकोट नसलेल्या भागात अडकलेली हवा पांढुरक्या डागांसारखी दिसते. नौका निघून कित्येक आठवडे झाले तरी रेझिनचा उग्र वास जात नसेल, तर माल कच्चा राहिल्याची शंका घ्यावी. तज्ज्ञ सर्वेक्षकाकडे बारकोल मीटर असतो. पक्क्या पॉलिएस्टर फायबरवर त्याचा आकडा साधारण ३५ च्या वर यावा.

स्टर्न ट्यूबसाठी किंवा पाण्याच्या व्हॉल्व्हसाठी तळाला भोक पाडतात, तेव्हा निघालेली गोल चकती फेकू देऊ नका. ती तुमच्या नौकेची खरी जन्मपत्रिका आहे. तिच्या कडेला थर मोजता येतात, जाडी मोजता येते, पोकळी दिसते. त्यातला तुकडा तोलून, उघड्यावर सांभाळून जाळला तर रेझिन जळून काच उरते. मॅटच्या कामात उरलेली काच वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरावी, जाड विणीचे रोव्हिंग वापरले असेल तर त्याहून अधिक. चकती देताना बांधणारा कुरकुरतो की आपणहून हातात ठेवतो, हेही लक्षात घ्या.

लाकडाच्या बाबतीत जुन्या सुतारांचे नियम आजही खरे आहेत. साग असेल तर पांढरा भाग नको, पक्का गाभाच हवा. लाकूड वाळलेले हवे. खिळे, बोल्ट तांब्याचे सांगून लोखंडी मारले का, हे खिशातले लोहचुंबक क्षणात सांगते. प्लायवूड घातले असेल तर त्यावर मरीन प्लायचा आयएस ७१० शिक्का पाहा आणि तोही कापण्याआधी पाहा. जुन्या लाकडी नौकेवर फायबर चढवून ती नवी म्हणून विकली जाते, तिच्याबाबत तर दुप्पट सावध राहावे. आतले लाकूड कुजत असेल तर वरचे फायबर त्याला वाचवत नाही, फक्त झाकते.

लाकडाचा विषय निघालाच आहे तर आठवण द्यावीशी वाटते. हजरत नूह (अ.) यांच्या नौकेचा उल्लेख कुरआनने सूरह अल-कमरमध्ये फळ्या आणि खिळ्यांची नौका असा केला आहे. तारणारा अल्लाह, पण फळी आणि खिळा माणसाच्या हाताने लागला होता. तवक्कुलचा अर्थ खिळा ढिला ठेवणे असा होत नाही.

ही राहण्याचीही जागा आहे

आपल्या मोठ्या नौका एकदा निघाल्या की कित्येक दिवस परतत नाहीत. तितके दिवस खलाशी तिथेच रांधतात, तिथेच झोपतात, तिथेच नमाज पढतात. म्हणून नौका घेताना खण किती टन बर्फ घेतो एवढेच पाहून भागत नाही. विलायतेत कालव्यांवरच्या पोलादी नौकांत कुटुंबेच्या कुटुंबे बारा महिने राहतात. तिथे नौका घेण्यापूर्वी स्वतंत्र सर्वेक्षक आणून ध्वनिलहरींनी पत्र्याची जाडी मोजून घेण्याची रीत आहे. कालव्याच्या संथ पाण्यात लोक इतकी खबरदारी घेतात, आणि आपण अरबी समुद्रात माणसे पाठवतो.

स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बंद केबिनमध्ये नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली तळात साचतो आणि एका ठिणगीने घात होतो. सिलिंडर डेकवर, गळती बाहेर जाईल असा ठेवण्याची सोय बांधणीतच करून घ्यावी. केबिनला दोन वाटा हव्यात, इंजिन पेटले तर एक वाट बंद होते. वायरिंग नळीतून घेतलेले आणि तळाच्या पाण्यापासून वर असावे. लाइफ जॅकेट सहज हाती येतील अशा जागी ठेवायचा खण असावा. संडासाची सोय हवी, त्याला चैन समजू नये.

२०१९ चे क्यार, २०२० चे निसर्ग, २०२१ चे तौक्ते ही वादळे आपल्या किनाऱ्याने पाहिली. वादळ बाजूने गेले तरी समुद्र दोन-दोन दिवस उसळलेला राहतो. अशा वेळी नौकेची परीक्षा होते, आणि ती देणारे खलाशी असतात. त्यांत कोणी आपल्या वाडीचे असतात, कोणी कर्नाटकातून, कोणी नेपाळातून आलेले असतात. ती सारी माणसे नाखव्याकडे अमानत आहेत.

तोंडी नको, लिहून घ्या

आपल्याकडे नौकेचा व्यवहार अजूनही शब्दावर होतो. शब्दाला किंमत आहे, पण सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. ओळखीच्या माणसाशी करार कसा करायचा, हा संकोच त्या आयतीपुढे टिकत नाही. वस्तू बनवून घेण्याच्या कराराला हनफी फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. त्यात वस्तूचे वर्णन स्पष्ट असावे लागते आणि रक्कम टप्प्याटप्प्याने देता येते. आपल्या कोकणात शाफई मसलकाचे लोक अधिक आहेत. त्या मसलकात याच्या अटी निराळ्या सांगितल्या आहेत. तेव्हा मसुदा आपल्या आलिमांना आणि वकिलाला, दोघांनाही दाखवून घ्यावा.

करारात निदान एवढे असावे: लांबी, रुंदी, खोली; तळाची व बाजूंची जाडी आणि थरांची संख्या; रेझिन, लाकूड, प्लाय, बोल्ट यांची जात; इंजिन, शाफ्ट, पंखा कोणी आणायचा; नौका पाण्यात लोटण्याची तारीख आणि उशीर झाल्यास काय करायचे ते.

हप्ते कामाशी बांधावेत, तारखेशी नाही. पहिला बयाणा साहित्यापुरता. दुसरा, नौका साच्यातून निघून रंगाआधीची पाहणी झाल्यावर. तिसरा, डेक आणि इंजिन बसल्यावर. शेवटचा, निदान दहावा हिस्सा, भरल्या नौकेने समुद्रात फेरी मारून आल्यावर. आणि एक कलम विसरू नये: जेवढे पैसे दिले तेवढे काम आणि साहित्य गिऱ्हाइकाच्या मालकीचे.

या कलमाचे महत्त्व आपल्या डोळ्यांसमोर आहे. मिऱ्या येथे ज्या भारती शिपयार्डमध्ये मोठमोठी जहाजे बांधली जात, ती कंपनी पुढे भारती डिफेन्स या नावाने कर्जात अडकली आणि २०१९ मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश झाला. तिथे दोष कोणाचा, याची चर्चा आम्हाला करायची नाही. एवढेच सांगायचे की मोठे नाव म्हणजे पक्की हमी नव्हे. यार्ड बंद पडला तर अर्धी बांधलेली नौका कोणाची, याचे उत्तर कागदावर असले पाहिजे.

कागदाची दुसरी बाजू सरकारची. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली परवान्याशिवाय मासेमारी करता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड खूपच वाढले आहेत. पर्ससीनवर २०१६ पासून कडक निर्बंध आहेत. म्हणून बयाणा देण्याआधी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात जाऊन ज्या जातीची नौका घेणार तिची नोंदणी आणि परवाना मिळेल का, हे लेखी विचारून घ्या. नोंदणी नाही तर डिझेलवरील कराचा परतावा नाही, विमा नाही. काठावरच्या शोभेसाठी एवढा पैसा कोणी घालत नाही.

कारागीर बंधूंना दोन शब्द

हे पान सुतार, फायबर कारागीर आणि बांधणारेही वाचतात. त्यांना वाटेल की आम्ही गिऱ्हाइकाच्या हाती काठी दिली. तसे नाही. दर पाडून, मुदत आवळून, मग दोष निघाला की शिव्या देणारे गिऱ्हाइक आम्हीही पाहिले आहे. ज्याला आयसो रेझिन हवे त्याने आयसोचा दर द्यावा. पाहणी ठरली त्या दिवशी यावे आणि पाहून झाल्यावर हप्ता त्याच दिवशी चुकता करावा. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची प्रेषितांची शिकवण नाखव्यालाही लागू आहे.

पण कारागिराने एक गोष्ट आपणहून करावी. झाकण्याआधी गिऱ्हाइकाला बोलवावे. लाकूड झाकण्याआधी, रंग देण्याआधी, डेक बंद करण्याआधी. मोबाइलवर फोटो काढून तारखेसह त्याला पाठवावेत. यात खर्च काही नाही. हा रिवाज जो पहिला पाडील, त्याच्या शेडपुढे रांग लागेल, कारण या धंद्यात जाहिरात वर्तमानपत्रात होत नाही, बंदरावर होते.

या बंदीच्या दोन महिन्यांत ज्यांना नौका घ्यायची आहे त्यांनी चार बंदरे फिरावीत, चार तांडेलांशी चहा घ्यावा, दोन शेडमध्ये न सांगता जावे आणि मगच खिशात हात घालावा. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो आणि समुद्रावर गेलेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी आणो. आमीन.